मुक्या जिवाची शुश्रूषा

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात अँडीज पर्वताच्या उत्तुंग रांगा पसरलेल्या आहेत. तेथील थंड, रुक्ष व खडकाळ उतारांवर चिंचिला नावाचा एक लहानसा प्राणी राहतो. तो उंदीर व खार यांच्याप्रमाणेच कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी आहे. त्याचे वजन सुमारे अर्धा किलोग्रॅम भरते. त्याचे कान मोठे व गोल असतात, शेपूट झुबकेदार असते आणि अंगावरील केस तर रेशमासारखे मऊ असतात. एकेका रोमरंध्रातून ५० हून अधिक केस उगवतात! या केसाळ कातड्याच्या लोभाने माणसाने त्याची इतकी शिकार केली की, रानातील चिंचिला जवळजवळ नाहीसे झाले. १९२३ साली मॅथियस चॅपमन या अमेरिकन खाण-अभियंत्याने चिली देशातून ११ चिंचिला अमेरिकेत नेले. आज घरांतून पाळले जाणारे बहुतेक चिंचिला त्यांचेच वंशज होत.

पर्वतावर ज्या गुणांमुळे चिंचिलाचे रक्षण होते, तेच गुण माणसाच्या घरात कधी कधी त्याला घातक ठरतात. त्यांतील पहिला गुण उडी हा होय. शत्रूची चाहूल लागताच तो एका खडकावरून दुसऱ्या खडकावर झेप घेतो. पिंजऱ्यात मात्र एखाद्या आवाजाने दचकून तो गजांवर आदळतो, किंवा उंच फळीवरून पडतो आणि त्याच्या डोक्यास मार बसतो.

दुसरा गुण मौन हा होय. दुबळा प्राणी शत्रूच्या नजरेत चटकन भरतो. म्हणून चिंचिला आपली वेदना लपवितो. तो विव्हळत नाही. त्याचे दुखणे खुणांवरूनच ओळखावे लागते. मान एका बाजूस कलणे, तोल जाणे, एकाच जागी गोल फिरणे, बुबुळे आपोआप हलत राहणे, नाकातून वा कानातून रक्त येणे, ही डोक्याच्या इजेची लक्षणे होत. कानाच्या रोगानेही मान कलते. म्हणून स्वतः तर्क न करता त्याला त्वरित पशुवैद्याकडे न्यावे. नेताना दोन्ही हातांनी अलगद उचलून मऊ फडके घातलेल्या खोक्यात ठेवावे. घाबरून घट्ट पकडल्यास त्याचे केस झुबक्याने गळून हातात येतात. माणसांची औषधे त्याला कदापि देऊ नयेत.

तिसरा गुण दाट केसांचा. थंडीत तारणारे हे पांघरूण उकाड्यात त्याच्या जिवावर उठते. आजाऱ्याला ऊब द्यावी असे आपणांस स्वाभाविकपणे वाटते. परंतु हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की, चिंचिलाला उष्णतेचा त्रास होऊ लागतो. म्हणून पशुवैद्याने सांगितल्याशिवाय त्याला शेक देऊ नये. त्याचा पिंजरा थंड, शांत व मंद उजेडाच्या जागी ठेवावा. त्यातील फळ्या व चक्र काढून टाकावे आणि तळाशी मऊ अंथरूण घालावे. चिंचिला पाण्याने न न्हाता बारीक धुळीत लोळतो. ही धूळही काही दिवस बंद ठेवावी, कारण ती डोळ्यांत व जखमेत जाते.

सर्वांत अधिक लक्ष अन्नाकडे द्यावे. चिंचिलाचे दात जन्मभर वाढतात व सुके गवत चघळण्याने झिजतात. त्याने खाणे सोडले, तर आतड्यांची हालचाल मंदावते व दुखापतीहूनही मोठे संकट ओढवते. म्हणून गवत व पाणी त्याच्या तोंडाजवळ ठेवावे, लेंड्यांवर लक्ष ठेवावे आणि त्याला रोज ठराविक वेळी तराजूत तोलावे. तो अर्धा दिवस काहीच खात नसेल, तर पशुवैद्याला लगेच कळवावे. बळजबरीने भरविल्यास घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो; म्हणून पिचकारीने भरविणे ते पशुवैद्याकडून शिकूनच करावे.

बरे होण्यास कित्येक आठवडे लागू शकतात. एखाद्या चिंचिलाची मान पुढेही किंचित कलती राहते. तरीही तो खातो, पितो व खेळतो. मात्र पिंजऱ्यातील फळ्या पुन्हा बसविताना त्या कमी उंचीवर बसवाव्यात.

आवडत्या प्राण्यास वारंवार उचलून घ्यावे, कुरवाळावे, असा मोह होतो. तो मोह आवरून दुरून शांतपणे पाहत राहणे, हीच आजारी चिंचिलाची खरी शुश्रूषा होय. ज्याला आपले दुःख सांगता येत नाही, त्याचे दुःख न सांगता ओळखणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.