कळपातलं पांढरं हरीण

बीड जिल्ह्यात हरणांचं अप्रूप फारसं उरलेलं नाही. पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या माळांवर काळविटांचे कळप दिसतात आणि कोवळ्या हरभऱ्यात शिरले की शेतकऱ्याला रात्र जागून काढावी लागते. पण अशा कळपात एखादं पांढरंशुभ्र पाडस निघालं, तर गावभर मोबाइल बाहेर येतात. कुणी ती वेगळी जात ठरवतं, कुणी देवाचं हरीण. खरं तर ते काळवीटच असतं.

मुळात काळविटाचा काळा रंगही जन्मजात नसतो. पाडसं आणि माद्या पिवळट तपकिरी असतात. नर साधारण तिसऱ्या वर्षापासून गडद होत जातो. ही करामत टेस्टोस्टेरॉनची. खच्ची केलेल्या नराचा काळेपणा ओसरतो.

पांढऱ्या रंगाचं कारण वेगळं. मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणारं विकर जन्मतः निकामी असेल, तर जनावर अल्बिनो होतं. डोळे गुलाबी, नजर अधू. ल्युसिझममध्ये मात्र रंगपेशी त्वचेत नीट पोचत नाहीत किंवा टिकत नाहीत. अंग पांढरं पडतं, डोळे काळेच राहतात. बातम्यांत सरसकट ‘अल्बिनो’ छापतात, पण आधी डोळे पाहावेत.

अल्बिनो पाडसाला हा दोष आई आणि बाप दोघांकडून मिळावा लागतो. ते दोघे मात्र नेहमीच्याच रंगाचे असू शकतात. कळप लहान, चहूकडून कोंडलेला असेल, तर नात्यात वीण होऊन असा योग वाढतो. शेजारच्या कर्जतचं रेहेकुरी अभयारण्य जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं आहे. पांढऱ्या पाडसाचं कौतुक करताना हेही ध्यानात असावं.

दक्षिण आफ्रिकेत पांढरे, काळे, तांबूस स्प्रिंगबॉक शिकारीच्या हौसेसाठी मुद्दाम पैदा केले गेले आणि चढ्या भावाने विकले गेले. आपल्याकडे काळवीट 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, हे बरंच. तरी पांढऱ्या पाडसाला धोका असतोच. उघड्या माळावर लांडग्याच्या आणि मोकाट कुत्र्यांच्या नजरेत ते लवकर भरतं, त्यात फोटोसाठी मोटारसायकली मागे लागल्या तर बिचारं धावून धावूनच दमतं.

तेव्हा असं हरीण दिसलं, तर लांबूनच पाहा, जागा समाजमाध्यमांवर टाकू नका. ते जखमी असेल किंवा कठडा नसलेल्या विहिरीत पडलं असेल, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.