अनुदानाचा हिशेब आणि बोंडातील अळी

सन २०१७ च्या खरीप हंगामात महाराष्ट्रातील कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा उद्रेक झाला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नागपूर येथील हिवाळी अधिवेशनात, राज्य शासनाने बाधित शेतकऱ्यांसाठी हेक्टरी मदत जाहीर केली. कोरडवाहू कपाशीसाठी ती ३०,८०० रुपये, तर बागायती कपाशीसाठी ३७,५०० रुपये होती.

ही रक्कम एकत्रित दिसत असली तरी ती तीन स्रोतांतून यावयाची होती. आपत्ती मदत निधीतून कोरडवाहूस ६,८०० व बागायतीस १३,५०० रुपये, पीक विम्यातून ८,००० रुपये आणि बियाणे कंपन्यांकडून १६,००० रुपये असा तिचा हिशेब होता. प्रत्येक स्रोताचा पुरावा मात्र निराळा. आपत्ती निधीसाठी किमान ३३ टक्के नुकसानीचा पंचनामा हवा आणि मर्यादा दोन हेक्टरची. विम्यासाठी विमा उतरविलेला हवा, शिवाय भरपाई मंडळातील पीक कापणी प्रयोगांच्या सरासरी उत्पन्नावर ठरणार. कंपन्यांकडील रकमेसाठी विहित ‘जी’ नमुन्यात तक्रार व सोबत बियाण्याची पावती हवी. कंपन्यांनी तर जबाबदारीच नाकारली. परिणामी जाहीर झालेली रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम यांत मोठे अंतर राहिले.

पुरावा का निसटतो?

गुलाबी बोंडअळीचे नुकसान बाहेरून दिसत नाही. अंड्यातून निघालेली सूक्ष्म अळी कोवळ्या बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र बोंड वाढताना बुजून जाते. शेत हिरवेगार दिसते, पण आत सरकी पोखरली जाते, रुई डागाळते. बोंड फुटल्यावर कवडी कापूस हाती येतो, तोपर्यंत हंगाम सरलेला असतो. अशा किडीचा पंचनामा केवळ बांधावरून होऊ शकत नाही. बोंड फोडूनच पाहावे लागते.

क्षेत्रावर आधारित मदत

सन २०२३ च्या खरिपातील कापूस व सोयाबीन उत्पादकांना भाव घसरल्यामुळे शासनाने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य दिले. ०.२ हेक्टरपर्यंत सरसकट १,००० रुपये आणि त्याहून अधिक क्षेत्रास हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. येथे नुकसान सिद्ध करण्याची गरज नव्हती. ई-पीक पाहणीतील नोंद हा प्रारंभीचा निकष होता आणि रक्कम थेट आधार संलग्न खात्यात जाणार होती. पद्धत सुटसुटीत, पण तिच्याही फटी दिसल्या. सामायिक खातेदारांना परस्परांचे ना-हरकत पत्र मिळविणे भाग पडले. तोंडी बोलीवर जमीन कसणारा बटाईदार तर सातबाऱ्यावर नसतोच. पेरणीचा खर्च, फवारणी व वेचणी त्याची, अनुदान मात्र खातेदाराचे.

आणखी एक मर्यादा कीटकशास्त्राच्या बाजूची आहे. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढून किडीची साखळी तोडणारा शेतकरी आणि फरदड ठेवून पुढील हंगामासाठी अळीला आश्रय देणारा शेतकरी, क्षेत्राच्या निकषावर दोघे सारखेच ठरतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

अनुदानाचे निकष बदलत राहतील, पण नोंद कधी वाया जात नाही. ई-पीक पाहणी मुदतीत करवून घ्यावी. बियाण्याची पावती, वेष्टन व लेबल हंगाम संपेपर्यंत जपण्यास सांगावे. बटाईचा करार शक्यतो लेखी करण्याचा आग्रह धरावा.

त्याबरोबरच किडीची नोंदवही ठेवावी. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावून पतंगांची दैनंदिन मोजणी करावी. सलग तीन दिवस प्रति सापळा आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास ती आर्थिक नुकसानीची पातळी समजावी. दर आठवड्याला एकरी २० हिरवी बोंडे फोडून पाहावीत. त्यांपैकी दोन बाधित असल्यास, म्हणजे १० टक्के, शिफारशीनुसार उपाय योजावेत. तारीख, गट क्रमांक व बाधित बोंडांची संख्या एवढी नोंदही पुरेशी आहे.

ही वही वेळीच फवारणीचा निर्णय सुकर करते. तरीही नुकसान झालेच, तर पंचनाम्यास येणाऱ्या पथकासमोर ठेवण्यासाठी शेतकऱ्याकडे केवळ हिरवे शेत नसते, आठवड्यागणिक आकडे असतात.