छताला लावलेली पांढरी बशी

ॲक्सेस पॉइंट म्हणजे केबलचे जाळे आणि बिनतारी उपकरणे यांच्यामधले दार. एका बाजूने त्यात नेटवर्कची केबल येते, दुसऱ्या बाजूने रेडिओलहरी ये-जा करतात. केबलमधून आलेली माहितीची पाकिटे लहरींवर चढवणे आणि लहरींवरची पाकिटे केबलमध्ये उतरवणे एवढेच त्याचे काम. इंटरनेट कंपनी घरी जो खोका बसवते त्याला सगळे राउटर म्हणतात, पण त्या एका खोक्यात तीन-चार यंत्रे कोंबलेली असतात: फायबरमधल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारे यंत्र, एका जोडणीवर घरातली सगळी उपकरणे बाहेर नेणारा राउटर, चार केबलींचा स्विच आणि ॲक्सेस पॉइंट. दोन खोल्यांच्या घराला ते पुरते. वीस जणांचे ऑफिस, दुमजली दुकान, बारा खोल्यांचे लॉज किंवा छोटे रुग्णालय आले की ही यंत्रे सुटी करावी लागतात. राउटर एकच राहतो; ॲक्सेस पॉइंट मात्र माणसे बसतात तिथे जातात आणि बहुधा छताला पांढऱ्या बशीसारखे चिकटतात.

दुकानात दोन पॉइंट शेजारी ठेवले की नजर आधी खोक्यावरच्या आकड्याकडे जाते. एकावर ‘एएक्स १८००’, दुसऱ्यावर ‘एएक्स ३०००’. हे आकडे बेरजेचे आहेत. पहिल्यात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे सेकंदाला ५७४ मेगाबिट आणि ५ गिगाहर्ट्झवरचे १,२०१ मेगाबिट मिळवून गोल आकडा छापलेला असतो. फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे ही बेरीज त्याच्या वाट्याला कधीच येत नाही. दुसऱ्यात तेच ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २,४०२ असतात, पण त्या २,४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल मोकळा हवा. बाजारपेठेत, जिथे प्रत्येक गाळ्यात एक वायफाय आहे, तिथे एवढा मोकळा पट्टा मिळणे दुरापास्तच. शिवाय हे आकडे रेडिओच्या जोडणीचे असतात. पाकीट पोहोचल्याच्या पावत्या, पुन्हा पाठवलेली पाकिटे आणि वाट पाहण्यात गेलेला वेळ वजा केला की फाइल त्याच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश वेगाने उतरते.

वाट पाहण्याचा हा वेळ वायफायच्या मुळाशी आहे. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. प्रत्येक उपकरण आधी कानोसा घेते, शांतता असेल तर थोडे थांबते आणि मग बोलते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते. म्हणून पॉइंटची खरी कमाई म्हणजे वेळ, आणि त्या वेळेची वाटणी तो कशी करतो यावर सगळे अवलंबून असते. एका खोलीत दोन लॅपटॉप आहेत असे धरू. पॉइंटखाली बसलेला नवा लॅपटॉप सेकंदाला ६०० मेगाबिटने जोडलेला आहे. जिन्याखालच्या खोलीतला जुना, दोन भिंतींपलीकडून, फक्त ६ मेगाबिटने. दोघांनाही एक मेगाबाइटची, म्हणजे ८ मेगाबिटची फाइल हवी आहे. पहिल्याला सेकंदाचा सुमारे पंचाहत्तरावा भाग पुरतो, दुसऱ्याला सव्वा सेकंदाहून जास्त लागतो. शंभर पट फरक, आणि तो वेळ खोलीतल्या सगळ्यांच्या खात्यातून जातो. साधा पॉइंट दोघांना सारखी पाकिटे देतो आणि जुन्या लॅपटॉपपायी सगळे ऑफिस रेंगाळते. चांगला पॉइंट सारखा वेळ देतो. माहितीपत्रकात या सोयीला ‘एअरटाइम फेअरनेस’ म्हणतात. ती आहे का, आणि चालू-बंद करता येते का, हे खोक्यावरच्या चार आकडी वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचे.

मानकांच्या पिढ्याही याच अंगाने पाहाव्यात. १९९७ चे पहिले ८०२.११ मानक सेकंदाला २ मेगाबिट देत होते. २००९ मध्ये ८०२.११एन आले, २०१३ मध्ये ८०२.११एसी. ही अक्षरे सामान्य ग्राहकाला पेलेनात म्हणून २०१८ मध्ये वाय-फाय अलायन्सने वायफाय ४, ५, ६ अशी साधी नावे दिली. सहाव्या पिढीपर्यंत मुख्य भर वेग वाढवण्यावर होता. सहाव्या पिढीने २० मेगाहर्ट्झच्या चॅनलचे नऊपर्यंत तुकडे करून एकाच पाळीत अनेक उपकरणांना थोडेथोडे देण्याची पद्धत आणली. वडापच्या जीपने एका फेरीत नऊ जणांना नेण्यासारखेच हे. बिलिंग मशीन, स्कॅनर, व्हॉट्सॲपचे निरोप अशी बारीक पाकिटे ज्या दुकानात सतत धावतात तिथे त्याचा फायदा होतो. मात्र समोरची उपकरणेही त्याच पिढीची हवीत.

जानेवारी २०२४ पासून वायफाय ७ ची प्रमाणपत्रे मिळू लागली. या पिढीचे उपकरण एकाच वेळी दोन पट्टे वापरू शकते. तिचा ३२० मेगाहर्ट्झचा चॅनल मात्र ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच मावतो. भारतात त्यातला ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तेवढ्या जागेत असा चॅनल एकच बसतो. छोट्या ऑफिसने केवळ या रुंद चॅनलसाठी जास्त पैसे मोजावेत असे काही नाही.

रोजचे काम २.४ आणि ५ या दोन पट्ट्यांवरच चालते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती भिंत जरा बरी पार करते. पण या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि तेच ब्लूटूथला आणि मायक्रोवेव्ह ओव्हनलाही लागतात. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याच्या निम्म्याहून आखूड असल्याने भिंतीत लवकर थकते, पण जागा ऐसपैस: ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने भारतात या पट्ट्यातले ६०५ मेगाहर्ट्झ वायफायसाठी खुले झाले. इथे दोन पॉइंटमधला एक फरक सहसा नजरेतून सुटतो. स्वस्तातले काही पॉइंट ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे, एवढेच चॅनल वापरतात; ८० मेगाहर्ट्झ रुंदी ठेवली तर त्यात दोनच चॅनल बसतात. एकाच मजल्यावर तीन पॉइंट लावायचे असतील तर दोघांना एकाच चॅनलवर भांडावे लागणार. अशा ठिकाणी रुंदी ४० मेगाहर्ट्झवर आणावी. प्रत्येकाचा कमाल वेग घटतो, पण सगळ्यांचे मिळून काम जास्त होते.

‘लाँग रेंज’ हे शब्दही ग्राहकाला भुलवतात. पॉइंट २०० मिलिवॉटने बोलू शकतो. खिशातल्या फोनची ताकद बहुधा ३० मिलिवॉटच्या आसपास. देवळाचा भोंगा दोन गल्ल्या पलीकडे ऐकू येतो, पण तिथून कोणी उत्तर दिले तर ते देवळात पोहोचत नाही. फोनवर पूर्ण रेंज दिसते आणि पान मात्र उघडत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच. म्हणून चार अँटेनांचा एक दांडगा पॉइंट मध्यभागी लावण्यापेक्षा दोन अँटेनांचे साधे तीन पॉइंट, कमी ताकदीवर, माणसांच्या जवळ लावणे केव्हाही बरे. फोनमध्येही बहुधा दोनच अँटेना असतात. ‘२०० उपकरणे जोडता येतात’ हे पत्रकातले वाक्य नुसत्या जोडणीपुरते खरे असते. एकाच वेळी काम करणारी तीस-चाळीस उपकरणे एका पॉइंटला पुष्कळ झाली.

जागा चुकली तर महागडा पॉइंटही हरतो. छताला लावायच्या पॉइंटच्या लहरी साधारण मेदूवड्याच्या आकारात पसरतात: आजूबाजूला जास्त, बरोबर वर-खाली कमी. तोच पॉइंट भिंतीला उभा ठोकला की वडाही उभा होतो आणि रेंज वरच्या-खालच्या मजल्यांवर जाते. लॉजमध्ये पॉइंट व्हरांड्यात ओळीने लावायची पद्धत आहे, कारण केबल तिथून नेणे सोपे. पण व्हरांडा आणि पलंग यांच्यामध्ये बहुतेक खोल्यांत न्हाणीघर येते: फरशी, पाण्याचे पाइप, मोठा आरसा. आरशामागचा धातूचा मुलामा लहरी परत फेकतो. व्हरांड्यातले पॉइंट मात्र एकमेकांना स्वच्छ ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबत राहतात. अशा ठिकाणी एकाआड एक खोलीत, स्विचबोर्डाच्या मापाचे भिंतीतले पॉइंट लावणे हा उपाय. जुन्या वाड्यातल्या दोन फुटी भिंती, लिफ्टचा खड्डा, लोखंडी कपाटांची रांग यांचाही हिशेब आधीच करावा.

पॉइंटपर्यंत केबल नेण्याचा कंटाळा बहुतेकांना असतो, आणि पॉइंट एकमेकांना केबलऐवजी लहरींनीच जोडणाऱ्या मेशचा खप त्यावरच चालतो. एकाच रेडिओने पुढचे ऐकून मागे सांगायचे म्हटले की प्रत्येक पाकीट दोनदा बोलले जाते आणि वेग निम्म्यावर येतो. मागच्या जोडणीसाठी वेगळा रेडिओ असलेले संच बरे, पण केबलची सर त्यांना नाही. शंभर मीटरपर्यंत साधी कॅट-५ई केबल सेकंदाला एक गिगाबिट नेते आणि वीजही नेते. या पद्धतीचे, म्हणजे पीओईचे, २००३ चे मानक स्विचपाशी १५.४ वॉट देते, २००९ चे ३० वॉट. वायफाय ६ चे साधे पॉइंट पहिल्यावर भागवतात, मोठ्यांना दुसरे लागते. स्विच घेताना पोर्ट मोजून भागत नाही, त्याची एकूण वॉटची मर्यादा पाहावी. केबल शुद्ध तांब्याची असावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त केबल बाहेरून तशीच दिसते, पण तिचा रोध जास्त. लांब पल्ल्यावर वीज वाटेतच गळते आणि पॉइंट भर कामात बंद-चालू होत राहतो. पीओईचा आणखी एक लाभ लोडशेडिंगच्या गावात कळतो. राउटर आणि स्विच एका यूपीएसवर ठेवले की सगळे पॉइंट चालू राहतात.

पॉइंट तीन झाले की ते एकमेकांशी कसे वागतात हा प्रश्न येतो. फोन घेऊन माणूस गोदामातून काउंटरवर आला, तर कोणता पॉइंट सोडायचा आणि कधी, हे फोनच ठरवतो. ८०२.११के, व्ही आणि आर ही मानके त्याला शेजारच्या पॉइंटची यादी देतात, इशारा करतात आणि नव्या पॉइंटशी ओळख पटवण्याचे काम झटपट उरकतात. यातले आर काही जुन्या स्कॅनर-प्रिंटरना पचत नाही, म्हणून ते वेगळे बंद करता आले पाहिजे.

सगळे पॉइंट एका पडद्यावरून चालवण्याच्या सोयीत कंपन्यांचे खरे वेगळेपण दिसते. सिस्कोच्या मेराकीत हा कारभार क्लाउडवरून होतो आणि त्याचा परवाना मुदतीचा असतो. नूतनीकरण खर्चात धरावेच लागते. एचपीईच्या इन्स्टंट ऑनमध्ये क्लाउड आहे, वार्षिक शुल्क नाही. यूबिक्विटीचे युनिफाय आणि टीपी-लिंकचे ओमाडा यांचे नियंत्रक सॉफ्टवेअर ऑफिसातल्याच संगणकावर किंवा छोट्या खोक्यावर चालते. मिक्रोटिकमध्ये हवी ती कळ फिरवता येते, पण फिरवणारा जाणकार हवा. नुसती किंमत पाहण्यापेक्षा पाच वर्षांचा खर्च मांडून तुलना करावी आणि गावात दुरुस्तीला कोण येईल तेही विचारावे.

सुरक्षेत काटकसर करू नये. २००४ चे डब्ल्यूपीए२ अजून सर्वत्र आहे. २०१७ मध्ये त्यातली ‘क्रॅक’ नावाची फट उघड झाली आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए३ आले. नवा पॉइंट डब्ल्यूपीए३ चा असावा आणि कंपनी त्याला किती वर्षे सुधारणा पुरवणार हे माहीत असावे. गिऱ्हाइकांचे वायफाय, सीसीटीव्ही आणि हिशेबाचे संगणक यांच्यात व्हीलॅनच्या, म्हणजे एकाच जाळ्याचे वेगळे कप्पे पाडणाऱ्या, आडभिंती हव्यात. बारक्या दवाखान्यातही रुग्णाच्या नातेवाइकाचा फोन आणि तपासणीच्या अहवालांचा संगणक एकाच जाळ्यात नसावा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाबरोबर पासवर्डही जातो. प्रत्येकाला स्वतःचे नाव-पासवर्ड देणारी ‘एंटरप्राइझ’ पद्धत त्यावर उपाय आहे.

बसवून झाल्यावर मोजणी करायची असते. फोनवरच्या रेंजच्या रेघा त्यासाठी निरुपयोगी. मोफत ॲपवर संकेताची ताकद उणे डेसिबलमध्ये दिसते. बसायच्या प्रत्येक जागी उणे ६५ किंवा त्याहून चांगला, म्हणजे शून्याच्या जवळचा, आकडा यावा. तीन डेसिबल घटले की संकेताची ताकद निम्मी होते, दहा घटले की दहावा भाग उरतो. ही मोजणी सुट्टीच्या दिवशी रिकाम्या ऑफिसात करण्याची चूक सर्रास होते. माणसाचे शरीर बहुतांशी पाण्याचे, आणि पाणी या लहरी शोषते. गोदामात माल भरला किंवा प्रतीक्षागृहात चाळीस जण बसले की आकडे खाली येतात. गर्दीच्या वेळी, सगळी दारे रोजच्यासारखी लावून, गल्ल्यापासून कोपऱ्यातल्या शेवटच्या टेबलापर्यंत चालत घेतलेले आकडेच कागदावर उतरवावेत.