ऑस्कर 2025: माझं मत ब्राझीलच्या पारड्यात

2025च्या ऑस्करमध्ये सर्वाधिक, तब्बल 13 नामांकनं 'एमिलिया पेरेझ' या चित्रपटाला मिळाली. मला हे अजिबात पटलं नाही. त्यातली गाणी लक्षात राहत नाहीत आणि मेक्सिकोचं दुःख नेपथ्यासारखं नुसतं मागे उभं राहतं.

माझा जीव अडकलाय तो ब्राझीलच्या 'आय ॲम स्टिल हिअर'मध्ये. 1971चं रिओ, लष्करी राजवट. माजी खासदार रुबेन्स पायवा यांना चौकशीसाठी घरातून नेतात, ते परत येतच नाहीत. मागे पत्नी युनिस आणि पाच मुलं. फर्नांडा टोरेसनं युनिस कुठेही आक्रोश न करता उभी केलीय. छायाचित्रकार गंभीर चेहरे मागतो, तेव्हा ती मुलांना हसायला सांगते. काय प्रसंग आहे तो! म्हातारपणीची युनिस साकारलीय फर्नांडाच्या आईनं, फर्नांडा मॉन्टेनेग्रो यांनी. याच दिग्दर्शकाच्या, वॉल्टर सॅलेसच्या 'सेंट्रल स्टेशन'साठी 1999 मध्ये त्यांनाही लेकीसारखंच अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन होतं.

'निकेल बॉइज' जवळपास पूर्णपणे पात्रांच्या नजरेतून चित्रित केलाय, तरी छायाचित्रणाच्या यादीत नाही. हा सरळ अन्याय आहे.

आणि पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'? कान महोत्सवात ग्रां प्री मिळवूनही इथे एकही नामांकन नाही. छाया कदमसाठी तरी तो नक्की बघा.