जुना ॲम्प्लिफायर कसा पारखावा?

मंडळी, माझा आवाज या मंडपाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो आहे, त्याचे श्रेय माझ्या गळ्याला नाही. ते व्यासपीठामागे ठेवलेल्या एका पेटीला आहे. या पेटीच्या घरगुती भावंडाविषयी आज बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत आणि ज्याला घरी बसून मनाजोगे गाणे ऐकायचे आहे, त्याच्या दृष्टीने तो किरकोळ नाही. जुना ॲम्प्लिफायर घेणाऱ्याचे बहुधा दोनच प्रश्न असतात : ‘किती वॉटचा?’ आणि ‘कोणत्या कंपनीचा?’ माझे म्हणणे असे की हे दोन्ही प्रश्न मागाहूनचे आहेत. पहिला प्रश्न हा, की ही पेटी आज, या घटकेला, कोणत्या अवस्थेत आहे? तो न विचारल्यामुळे पेटीचे पैसे तर जातातच, पण घरी असलेले चांगले स्पीकरही जळतात.

आधी या पेटीचे काम समजून घेऊ. मोबाईल किंवा सीडी प्लेअर यांच्यातून निघणारा विजेचा संदेश फार तर एकदोन व्होल्टचा असतो आणि त्याच्यात बळ जवळजवळ नसते. स्पीकरचा पडदा हलवायचा तर बळ हवे. म्हणून पेटीचा एक भाग कोणता स्रोत ऐकायचा ते निवडतो व आवाज कमीजास्त करतो. दुसरा भाग त्या संदेशाच्या मागे बळ उभे करतो. ही दोन्ही कामे एकाच पेटीत असली म्हणजे तिला ‘इंटिग्रेटेड’ ॲम्प्लिफायर म्हणतात. तिच्यात बटणे आणि रिले सोडले तर हलणारे असे काही नसते. म्हणून नीट बांधलेली पेटी तीस-चाळीस वर्षांनीही उत्तम चालू शकते. जुन्यात राम आहे तो एवढ्यासाठीच. मात्र तिचे काही अवयव म्हातारे होतात. कंडेन्सर सुकतात, कंट्रोलमध्ये धूळ बसते, रिलेचे स्पर्शबिंदू काळे पडतात, सोल्डरला बारीक चिरा जातात.

आता वॉटचा हिशेब. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून गुलमंडीकडे येताना ज्या गल्ल्या लागतात, त्यांतली घरे एकमेकांना खेटून आहेत. भिंत दोघांची सामाईक, खोली दहा बाय बारा. दिवसा बाजाराचा गलका, रात्री मात्र शेजारच्या घरातले खोकणेसुद्धा ऐकू येते. अशा घरात दिवसा स्पीकर आणि रात्री हेडफोन, ही चैन नव्हे, शेजारधर्म आहे. अशा खोलीला किती वॉट लागतात? सामान्य स्पीकरला १ वॉट दिला की एक मीटरवर सुमारे ८८ डेसिबल आवाज मिळतो. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे २० वॉटला सुमारे १०१ आणि ४० वॉटला १०४. आवाज दुप्पट मोठा वाटावा असे म्हटले तर साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॉट लागतात. एरवीच्या ऐकण्यात आपण एक वॉटही पुरता खर्च करीत नाही. १९७८ साली एन.ए.डी. कंपनीने ३०२० या क्रमांकाचा ॲम्प्लिफायर काढला. तो कागदोपत्री अवघा २० वॉटचा, आणि जगभरच्या संगीतप्रेमींनी त्याला डोक्यावर घेतले. तेव्हा कोणी ‘हजार वॉट पी.एम.पी.ओ.’ असा आकडा दाखवला तर हसून पुढे जावे. तो क्षणभराच्या उसळीचा, सोयीने फुगवलेला आकडा असतो. सलग मिळणारा म्हणजे ‘आर.एम.एस.’ आकडा तेवढा खरा धरावा.

नावाचेही तसेच. सॅन्सुई या जपानी कंपनीच्या १९७० च्या दशकातल्या ॲम्प्लिफायरांना रसिक आजही शोधत फिरतात. पुढे हेच नाव भारतात व्हिडिओकॉन समूहाने दूरचित्रवाणी संचांवर वापरले. या समूहाचा मोठा कारखाना आपल्याच पैठण रस्त्यावर चितेगावला होता. दोन्हींत चांगलेवाईट कोणते हा मुद्दा नाही. मुद्दा एवढाच, की नाव ही विकत घेता येणारी वस्तू आहे, आणि पाटीवरचे अक्षर आतल्या ट्रान्सफॉर्मरची हमी देत नाही. कलकत्त्याच्या सोनोडाइनसारख्या देशी कंपनीचा, नीट राखलेला ॲम्प्लिफायर परदेशी पण चारदा उघडलेल्या पेटीपेक्षा केव्हाही बरा.

परदेशी पेटी असेल तर प्रथम तिची पाठ वाचावी. जपानात घरगुती वीज १०० व्होल्ट, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. केवळ जपानसाठी बांधलेली पेटी आपल्या भिंतीत थेट खोचली तर फ्यूज उडेल तो उत्तम प्रकार. एरवी ट्रान्सफॉर्मरच जळेल. काही पेट्यांना मागे व्होल्टेज निवडण्याची चकती असते, तिचा काटा कोठे आहे ते पाहावे. चकती नसेल तर वेगळा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल. त्याची किंमत सौद्यातच धरावी.

आता खऱ्या परीक्षेकडे येऊ. तुम्ही पेटी जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात पाहा, मुंबईच्या चोरबाजारात पाहा, नाहीतर मोबाईलवर जाहिरात वाचून कोणाच्या घरी जाऊन पाहा, बरोबर तीन गोष्टी न्याव्यात : काहीशे रुपयांचा मल्टिमीटर, एक टाकाऊ स्पीकर, आणि आपल्या कानाच्या सवयीचे गाणे. चौथी गोष्ट बहुतेक मेकॅनिकांकडे असतेच, ती म्हणजे सिरीज बोर्ड. त्यात ६० किंवा १०० वॉटचा तारेचा दिवा पेटीच्या वाटेत ओळीने जोडलेला असतो. पेटी चालू करताच दिवा क्षणभर लखलखून मंद झाला तर ठीक. कंडेन्सर भरून घेत होते इतकेच. दिवा लख्ख पेटलेलाच राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. दिवा वाटेत असल्यामुळे पेटी वाचते आणि तुमचे पैसेही. हल्लीचा एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही.

त्यानंतर सर्वांत महत्त्वाचे मोजमाप. स्पीकरला जाणारी वीज सतत दिशा पालटणारी असावी लागते. आतला मुख्य ट्रान्झिस्टर फुटला की एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डी.सी. वीज स्पीकरच्या टोकांवर येते. आतला पुरवठा ३० व्होल्टचा असेल आणि स्पीकरच्या कॉइलचा रोध ६ ओहम, तर ३० गुणिले ३० भागिले ६, म्हणजे १५० वॉटची निव्वळ उष्णता त्या केसासारख्या तारेत उतरते. गाणे एक सूर निघत नाही, धूर निघतो. म्हणून स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, एकेका बाजूच्या लाल व काळ्या टोकांमधले डी.सी. व्होल्टेज मोजावे. पाच-दहा मिनिटांनी ते ३० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० पर्यंत चालेल. १०० च्या वर गेले तर दुरुस्तीचा खर्च धरा. व्होल्टांत असेल तर नमस्कार करून उठा. येथे एक पोटनियम आहे : व्हॉल्व्हची पेटी स्पीकर जोडल्याशिवाय चालू करू नये, तिचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्याने बिघडू शकतो. आणि झाकण उघडून आत बोट घालण्याचा मोह कोणालाच नको. वायर काढल्यावरही मोठे कंडेन्सर काही काळ भरलेले असतात.

मोजमाप पार पडले की तो टाकाऊ स्पीकर जोडावा. व्हॉल्यूम शून्यावर असताना जोराची घुमणारी गुणगुण ऐकू आली तर पुरवठ्याचे कंडेन्सर थकले आहेत. बटण फिरवताना खरखर झाली तर घाबरू नये. कंट्रोल क्लीनरच्या फवाऱ्याने ती बहुधा जाते, आणि घासाघीस करायला ती उत्तम सबब आहे. एक बाजू मुकी असेल तर हेडफोनची पिन त्या भोकात चारपाच वेळा घालून काढावी. पुष्कळ पेट्यांत पिन घातली की स्पीकर तुटतात, आणि तो आतला स्पर्शबिंदू काळा पडला तर पिन नसतानाही एक स्पीकर मुका राहतो. अशी ‘बिघडलेली’ पेटी स्वस्तात मिळाली तर घेणाऱ्याचे भाग्यच म्हणायचे. याउलट स्क्रूंची डोकी झिजलेली, आत नवे-जुने ट्रान्झिस्टर सरमिसळ, असे दिसले तर सावध व्हावे. ‘एस.टी.के.’ जातीचा एकच काळा ठोकळा सारे काम करीत असेल तर तो गेल्यावर अस्सल मिळणे आज कठीण आहे. बाजारात नकली फार.

हेडफोनचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि तो बहुतेक विक्रेत्यांना ठाऊकच नसतो. स्पीकरला १ वॉटला ८८ डेसिबल मिळतात. हेडफोन पुष्कळदा एका मिलिवॉटला, म्हणजे वॉटच्या हजाराव्या भागाला, १०० डेसिबल देतो. इतके कमी बळ पुरत असल्यामुळे जुन्या पेट्यांत हेडफोनसाठी निराळी सोय केलेलीच नसे. स्पीकरचीच वीज एका रोधकातून आणून पिनेच्या भोकात सोडत. हा रोधक शंभर-दीडशेपासून काहीशे ओहमपर्यंतचा असतो, आणि तेथे गोम आहे. हेडफोनचा स्वतःचा रोध सर्व सुरांना सारखा नसतो. ३२ ओहमचा हेडफोन खर्जातल्या एखाद्या जागी ६४ ओहमचा होतो असे धरा. वाटेत १२० ओहमचा रोधक असेल तर तेवढ्याच जागी आवाज सुमारे ४ डेसिबलने चढतो. परिणामी डग्गा ढब्ब वाजू लागतो आणि ऐकणारा म्हणतो, ‘वा, काय बास आहे!’ तो बास गाण्यातला नव्हे, पेटीतला. सर्वसाधारण नियम असा, की देणाऱ्याचा रोध घेणाऱ्याच्या आठव्या भागाहून अधिक नसावा : ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम. जुन्या धाटणीच्या ३०० किंवा ६०० ओहमच्या हेडफोनांना मात्र हीच जुनी पेटी चांगली मानवते.

आणखी एक गोष्ट दुकानात लक्षात येत नाही, घरी रात्री येते. नाजूक हेडफोन लावला की बटण जरासे उचलताच आवाज मोठा होतो. आणि बटणाच्या अगदी सुरुवातीच्या भागात डावी-उजवी बाजू बहुधा सारखी नसते. गायक मधोमध बसायचा तो एका कानाकडे सरकतो. म्हणून हेडफोनची परीक्षा मोठ्या आवाजात नव्हे, रात्री जेवढ्या आवाजात ऐकणार तेवढ्यातच करावी. त्याच वेळी गाणे थांबवून सुंसुं येते का तेही ऐकावे. या कसोटीत पेटी नापास झाली पण स्पीकरवर उत्तम वाजली, तर तिला टाकू नये. बहुतेक जुन्या पेट्यांच्या पाठीवर ‘टेप आउट’ नावाची जोडी असते. तेथून व्हॉल्यूमच्या आधीचा संदेश मिळतो. तिला एक छोटा स्वतंत्र हेडफोन ॲम्प्लिफायर जोडला की दोन्ही कामे निर्वेध होतात.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी ‘फोनो’ हे भोक चालते का ते पाहावे; सुईकडून येणारा संदेश काही मिलिव्होल्टांचाच असतो, त्याला वेगळी मांडणी लागते. मोबाईल किंवा सीडी मात्र तेथे जोडू नये, ‘ऑक्स’ला जोडावी.

राहिले गाणे. परीक्षेला सिनेमातले धडाडणारे गाणे नेऊ नये, त्यात सारे दोष झाकले जातात. भीमसेन जोशींचे एखादे विलंबित ख्यालाचे ध्वनिमुद्रण न्यावे. सुरुवातीला तंबोरा एकटा वाजतो तेव्हा पेटीची गुणगुण लपत नाही. डग्ग्याची मींड संपता संपता आवाज दबला तर पुरवठा अशक्त आहे. तारसप्तकात स्वर किरकिरला तर ट्रान्झिस्टरांची जोडी बिनसलेली आहे. निदान अर्धा तास वाजवावे, कारण पुष्कळ दोष पेटी तापल्यावर उमटतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तर हमखास. विक्रेता ‘सर्व्हिस केलेला आहे’ म्हणाला, तर काय बदलले ते विचारून काढलेले जुने कंडेन्सर दाखवायला सांगावे. ते त्याने ठेवलेले नसतील तर सर्व्हिसचे पैसे किमतीत धरू नयेत. घरी आणल्यावर पेटी काचेच्या बंद शोकेसमध्ये कोंबू नये, आणि वर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स तर मुळीच ठेवू नये. झाकणाच्या जाळीवर चार बोटे हवा मोकळी असावी.