भंगारवाला जे नाकारतो...

दिवाळीच्या साफसफाईत मध्यमवर्गीय घराचा माळा रिकामा होऊ लागला, की त्यातून निघणाऱ्या वस्तूंचे आपोआप दोन ढीग पडतात. एका ढिगात रद्दी, पत्र्याचे डबे, पितळेची जुनी तोटी आणि जळालेल्या पंख्याची मोटार असते. दारावर आलेला भंगारवाला हा ढीग तराजूत घालतो, थोडी घासाघीस होते आणि गृहिणीच्या हाती चार पैसे पडतात. दुसऱ्या ढिगात गेलेल्या ट्यूबलाइट, घड्याळातले संपलेले सेल, टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल, खचलेली फोमची गादी आणि तुटका रिमोट असतो. या ढिगाकडे भंगारवाला ढुंकूनही पाहत नाही. मग तो पुन्हा माळ्यावर जातो, किंवा रात्रीच्या अंधारात नाक्यावर अथवा नाल्याच्या काठी जाऊन पडतो.

भंगारवाल्याचा हा नकार लहरीचा नसतो. तो एक काटेकोर अर्थशास्त्रीय निवाडा असतो. वस्तू उचलणे, निवडणे, साठवणे आणि कारखान्यापर्यंत पोचविणे यांचा खर्च तिच्यातून निघणाऱ्या मालाच्या किमतीपेक्षा कमी असेल, तरच तो पैसे मोजतो. थर्माकोल म्हणजे बहुतांशी हवाच. टेम्पो भरला तरी वजन काही भरत नाही. ट्यूबलाइटमध्ये काच आणि काही मिलिग्रॅम पारा असतो. तो पारा सुरक्षितपणे वेगळा काढण्याचा खर्च मिळणाऱ्या मालापेक्षा कितीतरी अधिक. अशा वस्तूची किंमत शून्यदेखील नसते, ती उणे असते. ती कोणी न्यावी असे वाटत असेल, तर नेणाऱ्यालाच पैसे द्यावे लागतील.

पूर्वी हा प्रश्न इतका बिकट नव्हता. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देई, कल्हईवाला भांड्यांना नवा जन्म देई आणि दडपलेल्या गादीतला कापूस पिंजारी पुन्हा पिंजून देई. नेसून विरलेल्या लुगड्याची गोधडी होत असे. यामागे पर्यावरणाचे तत्त्वज्ञान नव्हते. वस्तू एकजिनसी होत्या, दुरुस्तीची मजुरी स्वस्त होती आणि नवी वस्तू महाग होती. आजच्या गादीत फोम, कृत्रिम कापड, डिंक आणि कधी पोलादी स्प्रिंगा एकमेकांना अशा चिकटविलेल्या असतात की त्या सोडविण्याची मजुरी कोणालाच परवडत नाही. जुन्या काटकसरीचे गोडवे गाऊन ही अडचण सुटणार नाही. ती काटकसर पुष्कळ अंशी दारिद्र्यातून आली होती, हेही विसरता कामा नये.

मग या उणे किमतीचा भार आज कोण उचलतो? वस्तू बनविणारा नाही, विकणारा नाही, वापरणाराही नाही. तो उचलतो कचरावेचक. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, तेव्हा या श्रमाला संघटित आवाज मिळाला. पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत तेथील कचरावेचक घरोघरचा कचरा गोळा करू लागले. परंतु ओळखपत्र मिळाले म्हणून पिशवीत फुटलेल्या ट्यूबलाइटची काच बोथट होत नाही, की तिच्यातून सुटणारी पाऱ्याची वाफ निरुपद्रवी होत नाही. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी 1920 च्या आपल्या ग्रंथात खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील जी तफावत मांडली, ती समजून घेण्यासाठी कचऱ्याच्या गाडीमागे चालणाऱ्या बाईचे हात पाहिले तरी पुरे.

यावर उपाय नाही असे नाही. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकीत नाही. नवी घेताना दुकानदार जुनी परत घेतो आणि तेवढी किंमत कमी करतो. शिशाला भाव आहे, हे याचे मुख्य कारण. 2001 च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेत्यांवरही टाकली. अर्थात भाव मिळाला की सारे साधले असेही नव्हे. तेच शिसे उघड्यावरच्या भट्टीत वितळविले गेले, तर आसपासच्या मुलांच्या रक्तात उतरते. म्हणजे किंमत हवी आणि देखरेखही हवी.

उत्पादकावर वस्तूच्या अंतापर्यंतची जबाबदारी टाकावी, ही कल्पना स्वीडनमध्ये टॉमस लिंडक्विस्ट यांनी 1990 साली मांडली. भारतात ती इलेक्ट्रॉनिक कचऱ्यासाठी 2012 पासून अमलात आली. 2016 च्या नियमांत अनामत घेऊन ती परत करण्याच्या योजनेचाही उल्लेख होता. 2022 च्या नियमांनी वस्तूंची यादी 21 वरून 106 वर नेली आणि उत्पादकाने नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून प्रमाणपत्रे घ्यावीत अशी पद्धत बसविली. कागदावर साखळी पुरी झाली. पण तिची पहिली कडी, म्हणजे घराचा दरवाजा, मोकळीच राहिली. तुटका रिमोट कारखान्यापर्यंत न्यावा, असे कोणालाही वाटण्याजोगे कारण निर्माण झाले नाही.

ते कारण अनामत रकमेने निर्माण होऊ शकते. तमिळनाडूच्या निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून मद्याच्या बाटलीवर दहा रुपये जादा घेऊन रिकामी बाटली आणताच ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. महाराष्ट्रातही 2018 च्या प्लास्टिकविषयक अधिसूचनेत दुधाच्या पिशवीवर परतखरेदीची किंमत छापण्याची अट होती; मात्र ते पैसे ग्राहकाच्या हाती फारसे पडले नाहीत. दोहोंतील फरक कल्पनेचा नाही, अंमलबजावणीचा आहे.

ट्यूबलाइट, सेल, गादी यांच्या विक्रीच्या वेळीच अल्पशी अनामत घेतली, जुनी वस्तू घेण्याचे बंधन दुकानदारावर घातले आणि गोळा करणाऱ्यास नगामागे मोबदला दिला, तर भंगारवाला आज जे नाकारतो तेच उद्या मागत येईल. वस्तू महाग होतील, हा आक्षेप यावर येणारच. परंतु वस्तू आजही स्वस्त नाही; तिच्या किमतीचा एक हिस्सा जो तिचा मालक कधीच नव्हता त्याच्याकडून, त्याला न विचारता, वसूल होतो एवढेच. शिवाय अनामत ही परत मिळणारी रक्कम आहे. ती बुडते फक्त वस्तू फेकून देणाऱ्याची.

तोवर गेलेली ट्यूबलाइट नव्या ट्यूबलाइटच्या पुठ्ठ्याच्या वेष्टनात घालून वेगळी देणे, संपलेले सेल बरणीत साठवून इलेक्ट्रॉनिक कचऱ्याच्या संकलनात देणे, एवढे तर कोणत्याही घराला जमण्याजोगे आहे. त्याने प्रश्न सुटणार नाही. पण निदान एका हाताची जखम टळेल. माळ्यावरची अडगळ दाराबाहेर गेली म्हणजे ती संपली, हा समज मात्र सोडावा लागेल. ती फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जाते.