काळ्या भुकटीचा कारभार

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, राहुरीकडचा शेतकरी उन्हाळी कांदा चाळीत भरून दर चढण्याची वाट पाहत असता, पावसाळी दमट हवेत एखाद्या कांद्याचा पापुद्रा सोलावा आणि आत काळीभोर भुकटी हाताला लागावी, हा प्रकार त्याच्या परिचयाचा आहे. ही भुकटी म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचे अलैंगिक बीजाणू, संयोगावाचून निपजलेली तिची अगणित संतती होय. बुरशीचे तंतू तेथे आधीच पसरलेले असतात. मात्र निव्वळ वाढ सोडून संततीच्या मागे लागायचे ते कोणाच्या हुकमाने?

उत्तर मिळाले ते नायजरच्या सगोत्र, प्रयोगशाळेत रुळलेल्या अ‍ॅस्परजिलस निड्युलन्सकडून. ग्लासगोचे संशोधक क्लटरबक यांनी 1969 साली तिच्या बिघडलेल्या वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकात बीजाणू धरणारे दांडे माथा न फुलता नुसतेच लांबत गेले, दुसऱ्यात बीजाणूंऐवजी गाठीच आल्या, तिसऱ्यात बीजाणू जन्मले खरे, पण पक्व न होता विरघळले. बिघाड अनुक्रमे बीआरएल-ए, अबा-ए आणि वेट-ए या जनुकांत होता. यांचा अंमल कलेक्टर, मामलेदार, तलाठी अशा उतरंडीने चालतो, पहिले दुसऱ्यास जागवते आणि दुसरे तिसऱ्यास. फरक इतकाच, की येथे मामलेदार वरच्या हुकमाला उलट जोर देतो, जे आपल्या कचेऱ्यांत क्वचितच घडते.

बीजाणू धरण्यासाठी तंतूंना एरवी हवेचा स्पर्श लागतो, द्रवात बुडालेली बुरशी वाढत राहते पण सहसा फळत नाही. 1988 मध्ये अ‍ॅडम्स, बॉयलन व टिंबरलेक या संशोधकांनी बुडालेल्या तंतूंतच बीआरएल-ए बळेच चालू केले, आणि तंतूंच्या टोकांवर बीजाणू आले! एवढी सत्ता एका जनुकाकडे असावी, हे मला त्या संशोधनातले सर्वांत विस्मयकारक वाटते. तरी हा हुकूमही स्वयंभू नव्हे. फ्लू-जी नावाच्या जनुकामुळे तंतू बीआरएल-एला जागवणारे एक संकेतद्रव्य बाहेर सोडतात. ते जनुक बिघडलेली बुरशी निरोगी बुरशीच्या शेजारी वाढवली, तर सीमेवर तिलाही बीजाणू धरतात.

 आता पुन्हा शेतकऱ्याच्या चाळीकडे. कांदा पातीसह सुकवावा, मान थोडी राखून पात कापावी, चाळ हवेशीर ठेवावी, हा सर्वपरिचित सल्ला जनुकांना हातही लावीत नाही. तो अडवतो ते आधीच तयार झालेल्या बीजाणूंचे रुजणे, कारण त्यांचा शिरकाव बहुधा ओल्या मानेतून किंवा इजेतून होतो.